तळाचं पाणी

"बघ, पाणी कसं तेलासारखं आहे," टिपणीस सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा पेला बोटीच्या कठड्यावर ठेवला. पेल्यातला चहासुद्धा हलत नव्हता. "आणि तू म्हणतेस, माणूस उतरवायचा नाही."

"वर तेलासारखं आहे, सर. खाली नाही."

"कशावरून?"

"पडद्यावरून. आत येऊन बघा."

ते आत आले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी एकटीच वाकून पडद्याकडे बघत होते.

शिरवलीच्या खाडीच्या तोंडाशी आमची भाड्याची मच्छीमार बोट नांगरलेली होती. तिच्या खाली, तळावर, माझी तिवई उभी होती. आम्ही तिला तिवईच म्हणायचो. तीन लोखंडी पाय, एका पायावर लेझरचा डबा आणि समोर कॅमेऱ्याचा. लेझर पाण्यात हिरव्या उजेडाचा एक पातळ पदर उभा करायचा, कागदाइतका पातळ. त्या पदरात पाण्यातले बारीक कण चमकायचे, आणि कॅमेरा लागोपाठ दोन फोटो काढायचा. पहिल्या फोटोतला कण दुसऱ्या फोटोत किती सरकला ते बघितलं की पाण्याचा वेग कळायचा. एका जागचा नाही, अख्ख्या पदरातला. कुठे पाणी पळतंय, कुठे गरगरतंय, कुठे तळावरून उसळी मारून वर येतंय, सगळं. ही तिवई मी उभी केली होती. सोलापूरच्या बिराजदारांची पोरगी मी; पंचविशीपर्यंत समुद्र बघितला नव्हता. पण संस्थेच्या वर्कशॉपमध्ये त्या डब्यांच्या काचा घासण्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली होती. टिपणीस सर माझे मार्गदर्शक.

त्या सकाळी कुठून तरी एक जुनं तुटकं जाळं वाहत आलं आणि तिवईच्या पायात अडकलं. त्याची एक चिंधी अधूनमधून कॅमेऱ्यासमोर यायची. ती बाजूला गेली की चित्र आरशासारखं स्वच्छ. आणि त्या स्वच्छ चित्रात कण चमकत नव्हते, रेघा ओढत होते. पाणी खाडीच्या आत निघालं होतं आणि मध्येच तळावरून असे धक्के उसळत होते की मी आजवर तसे एकदाही मोजले नव्हते. जाळ्याची चिंधी तर वरच्या कोपऱ्यात झेंड्यासारखी आडवी ताठ झाली होती.

"सर, वर अजून ओहोटी संपतेय म्हणून शांत दिसतंय," मी म्हणाले. "खालून भरती घुसलीय. खारं पाणी जड असतं, ते तळातून आधी शिरतं. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"शिकवलं. पण इतका वेग? या खाडीत? काही तरी गोंगाट असेल, निरर्थक आकडे. जाळं मध्ये येतंय, संगणक भरकटतोय."

"जाळं मध्ये आलेले फोटो मी वगळलेत. बाकीचे सगळे एकच सांगतायत."

"उज्ज्वला, उद्या पाहुणे येणार आहेत बोटीवर. त्यांना काय दाखवू? फडफडणारी चिंधी?"

"दुपारी पाणी थांबेल तेव्हा जाळं कापू. काही तासांचा प्रश्न आहे."

"दुपारी वारा सुटतो."

ते तसे मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ नव्हते. प्रत्येक वाक्य इस्त्री करून बोलायचे. आदल्याच संध्याकाळी जेट्टीवरून फोनवर ते कुणाला तरी सांगत होते, "आमचं यंत्र केसाइतकीही चूक करत नाही." मी शेजारीच उभी होते. अभिमानाने फुलले होते मी. एका रात्रीत त्याच यंत्राचा गोंगाट झाला होता.

बाहेर रुझार पाठीवर हवेची टाकी चढवून कमरेला शिशाचा पट्टा आणि दोरी बांधत होता. रुझार फर्नांडिस, संस्थेच्या कामावर नेहमी येणारा पाणबुड्या. पन्नाशीला आलेला, दंड अजून ताडाच्या खोडासारखे. तिवई पहिल्यांदा तळावर बसवली तीही त्यानेच. डब्याच्या काचेला बोट लागू नये म्हणून तो हातात बायकोचे जुने मोजे घालायचा आणि मला म्हणायचा, "तुझ्या बाहुलीक हात लावतंय गो, रागावू नको."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "रुझारभाऊ, उतरू नका. खाली फार ओढ आहे. मी बघितलंय."

त्याने वाकून पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "वर तर कायच नाय."

"खाली आहे."

तेवढ्यात टिपणीस सर मागून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसतच. "रुझार, तू किती वर्षं उतरतोस?"

"मोजूक नाय, सायबा."

"आणि हिचं यंत्र नुकतं पाऊल टाकायला लागलंय. आता तूच ठरव कुणाचं ऐकायचं. पाच मिनिटांचं काम आहे. चिंधी काप आणि ये."

हे असं बोलले ते. हुकूम दिला नाही, हे लक्षात ठेवा. माणसाच्या अनुभवाला हाक मारली. अशा वेळी कुठला पाणबुड्या नाही म्हणेल?

"घाबरू नको गो बाय," रुझार मला म्हणाला. "हयलो तळ माका ठावक आसा." आणि हवेची नळी तोंडात घेऊन, कोयता हातात धरून त्याने उडी घेतली.

मी ओरडले. पण नुसतं ओरडत बसायला वेळ नव्हता. लेझर चालू होता. तो उजेड सरळ डोळ्यात गेला असता तर माणूस आंधळा झाला असता. मी आत धावले आणि लेझर बंद केला. बटण दाबण्याआधी शेवटचा फोटो पडद्यावर होता. चिंधी आडवी, आणि तिच्याखाली तळावरून उसळलेला एक प्रचंड भोवरा, चित्राच्या चौकटीत न मावणारा. मग पडदा काळा झाला.

बाहेर आले तेव्हा पाण्यावर एक पिवळं पान तरंगत होतं, जागच्या जागी. आणि रुझारचे बुडबुडे बोटीपासून लांब लांब चालले होते, खाडीच्या आत.

"त्याला ओढा!" मी म्हणाले. "दोरी ओढा!"

दोरी भाई मोंडकरांच्या हातात होती. बोट चालवणारे तांडेल ते. ते नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराशी होते. इंजिनच्या आवाजात आमचं आधीचं बोलणं त्यांच्या कानावर आलंच नव्हतं, पण दोरीला बसलेला हिसका त्यांना कळला. त्यांनी आणि त्यांच्या खलाशाने जीव खाऊन ओढली. रुझार वर आला तेव्हा त्याचा मुखवटा नव्हता, एका कानातून रक्त वाहत होतं आणि उजवा हात खांद्यापासून भलत्याच बाजूला लोंबत होता. पाण्याने उचलून त्याला तिवईच्या लोखंडावर आपटलं होतं. डोक्याला खोक पडली होती. डोळे उघडे होते, पण ते कुणाला ओळखत नव्हते.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टिपणीस सर आमच्यावर वाकले. माझ्या हातावर रक्त होतं, ते त्यांना दिसत होतं. त्यांनी विचारलं,

"जाळं सुटलं का?"

माझ्या अंगात तेव्हा जी आग लागली ती आजही पुरती विझलेली नाही. मी कठड्यावरचा त्यांचा चहाचा पेला उचलला आणि त्यांच्यावर फेकला. त्यांना लागला नाही. खलाशी माझ्याकडे बघत राहिला. सर शर्टावरचा चहा पुसत राहिले. चौकशीत पुढे या पेल्याचा फार उपयोग झाला. त्यांना.

चौकशी संस्थेतच झाली. अध्यक्ष होत्या संचालक वागळेबाई, शिस्तीच्या आणि सरळ. टिपणीस सरांनी त्यांना सांगितलं, "मी त्याला पाणी पालटेपर्यंत थांब म्हणालो होतो. तो जुना माणूस, त्याला वाटलं आपल्याला सगळं कळतं. उतरला."

मी उभी राहिले. "खोटं आहे हे. तुम्ही त्याला पाठवलंत. मी सांगत होते खाली काय चाललंय ते, आणि तुम्ही..."

"बसून बोला," वागळेबाई म्हणाल्या.

"मॅडम, मोजणी आहे. त्या वेळचे फोटो आहेत."

बाईंनी सरांकडे बघितलं. सर हळू आवाजात म्हणाले, "तिची तळमळ मी समजू शकतो. पण त्या वेळी यंत्रासमोर जाळं होतं, मॅडम. त्या आकड्यांना काही अर्थ नाही. शुद्ध गोंगाट. ती विद्यार्थिनी आहे, आणि त्या दिवशी तिची मनःस्थितीही ठीक नव्हती. तिने माझ्या अंगावर काय फेकलं ते खलाशाने सांगितलंच आहे."

झालं. भाईंनी खरं ते सांगितलं, की त्यांनी काही ऐकलं नाही. रुझारला विचारलं तर त्याला त्या दिवसातलं काही आठवतच नव्हतं. अहवालात आलं : पाणबुड्या परवानगीविना पाण्यात उतरला.

या एका वाक्याचा अर्थ कोकणच्या किनाऱ्यावर काय होतो, ते चौकशीतल्या खुर्च्यांना ठाऊक नसावं. परवानगीविना उतरणाऱ्या पाणबुड्याला कुणी हाक मारत नाही. बंदरावर नाही, पुलाच्या कामावर नाही. खांदा पुढे सांधला, तरी त्याला कुणी बोलावलं नाही. एक कान मात्र कायमचा गेला.

मी सरांची प्रयोगशाळा सोडली. दुसऱ्या विभागात गेले, नव्याने सुरुवात केली. तिवई त्यांच्याकडे राहिली, मोजण्या त्यांच्याकडे राहिल्या. आणि सुट्टी मिळाली की मी वेंगुर्ल्याजवळच्या रुझारच्या घरी जायचे.

तो पडवीत बसलेला असायचा. काथ्याच्या दोरीचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं हातात. ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. त्याची बायको फिलोमिन मला आत नेऊन म्हणायची, "दिवसभर ताच चलता बाय. हात धरता की नाय, बघतत."

मी त्याला प्रत्येक वेळी सांगायचे. "तुम्हाला सरांनी पाठवलं. पाणी तसं होतं. माणसाच्या हातात नव्हतं ते."

तो गोड हसायचा. मी त्याची समजूत काढतेय असंच त्याला वाटायचं. "माका पेज जेवलंय ता आठवता, मगे येकदम हॉस्पिटल," तो म्हणायचा. "कमिटीन लिवल्यान म्हणजे खराच आसतला गो. इतकी शिकलेली माणसा. माझोच हात सुटलो आसतलो. वय झाला." आणि तो परत दोरी ओढायला लागायचा. परतीच्या एसटीत माझ्या डोक्याच्या शिरा तडतडायच्या. ज्याच्यावर अन्याय झाला तो शांत, आणि मी दात खात बसलेली.

पुढच्या वर्षी संस्थेच्या वार्षिक परिषदेत टिपणीस सरांचं व्याख्यान होतं. त्यांचा निबंध परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात आला होता, म्हणून देशभरातून लोक आले होते. मी जाणार नव्हते. पण दाराशी लावलेल्या पत्रकावर लेखकांच्या नावांत दुसरं नाव माझं होतं. मला न विचारता घातलेलं. मी मागच्या रांगेत जाऊन बसले.

सर फार छान बोलले. ते छानच बोलायचे. खाडीच्या तोंडाशी तळातलं पाणी वरच्या पाण्याला न कळत कसं आत शिरतं, गाळ कसा उचलतं. मग म्हणाले, "आणि आता आमच्या कामाचा कळस." पडद्यावर चित्र आलं. हिरव्या अंधारात तळावरून उसळलेला एक प्रचंड भोवरा, चौकटीत न मावणारा. सभागृहात लोकांनी श्वास घेतलेला ऐकू आला.

"अशा प्रकारच्या खाडीत इतका तीव्र धक्का यापूर्वी कुणी नोंदवलेला नाही," सर म्हणाले. "आमचा सगळा निष्कर्ष या मोजणीवर उभा आहे."

चित्राच्या वरच्या कोपऱ्यात जाळ्याची चिंधी होती. आडवी, ताठ.

मग टाळ्या, मग प्रश्न. मी उठले. माइक घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली.

"मी उज्ज्वला बिराजदार. या निबंधावर माझं नाव आहे. सर, मला एकच विचारायचंय. ही मोजणी खरी आहे, की गोंगाट आहे?"

त्यांनी मला ओळखलं. चेहरा बदलला नाही, फक्त चष्मा काढून हातात घेतला. "उज्ज्वला, हे आपण नंतर बोलू."

"नंतर नको. आत्ताच. खरी, की गोंगाट?"

पहिल्या रांगेत वागळेबाई बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं. कुजबुज सुरू झाली. मद्रासहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते सरळपणे म्हणाले, "प्रश्न रास्त आहे. कोपऱ्यात काहीतरी अडकलेलं दिसतंय. त्याने आकडे बिघडले नसतील कशावरून?"

सरांनी वळून पडद्याकडे बघितलं. तो क्षण मी आजही विसरू शकत नाही, कारण त्यांच्या हातात सुटका होती. 'शंका आहे' एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. एक निबंध मागे घ्यावा लागला असता, थोडी नाचक्की, बस. पण समोर ती सगळी माणसं होती, आणि पडद्यावर त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं चित्र होतं.

"खरी आहे," टिपणीस सर म्हणाले. आणि आवाज चढवून, पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला, "शंभर टक्के खरी आहे. जाळं मध्ये आलेले फोटो आम्ही वगळले होते. बाकीचे सगळे एकच सांगतात."

माझंच वाक्य होतं ते. फक्त 'मी'च्या जागी 'आम्ही' आलं होतं.

"मग ऐका," मी म्हणाले. "कोपऱ्यातलं हे जाळं कापायला सरांनी रुझार फर्नांडिस नावाच्या माणसाला पाठवलं. हा फोटो निघाला तेव्हा तो पाण्यात उडी मारत होता. हा भोवरा तुम्ही बघताय ना, यातच तो गेला. चौकशीत सर म्हणाले, हा गोंगाट आहे. म्हणून दोष रुझारवर आला. मोजणी एकच आहे. ती इथे खरी आणि तिथे खोटी, असं चालणार नाही."

कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. मी बसले नाही. वागळेबाई उठल्या. त्यांनी पडद्यावरच्या चित्राकडे बराच वेळ बघितलं, मग सरांकडे. "टिपणीस," त्या म्हणाल्या, "हा त्याच सकाळचा फोटो आहे?"

सरांनी चष्मा डोळ्यांना लावला. ते समोरचे कागद गोळा करायला लागले. त्या बाईंनी तेवढ्यावरून ओळखलं.

चौकशी पुन्हा उघडली. या वेळी माझं बोलणं कुणी अडवलं नाही. आधीचं वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी आलं की पाणबुड्याला धोक्याची सूचना डावलून उतरवण्यात आलं. टिपणीस सरांना विभागप्रमुखपद सोडावं लागलं. बाकी काही झालं नाही. ते चित्र अजून पुस्तकात छापतात, खाली त्यांचं नाव असतं. माझं नाव मी काढायला लावलं. माझी पदवी त्यामुळे फार उशिरा झाली, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच विषयात. तिवईला मी पुन्हा हात लावला नाही.

नवा अहवाल आला त्या आठवड्यात मी वेंगुर्ल्याला गेले. रुझार पडवीतच होता, दोरी हातात. मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि त्याला सगळा वाचून दाखवला. फिलोमिन दारात येऊन उभी राहिली. तो मान खाली घालून ऐकत होता.

वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे तां पाणी खराच तितक्या जोराचा व्हता?"

"हो."

"तुझ्या सायबान सोता सांगल्यान?"

"सगळ्यांसमोर. शंभर टक्के खरं, म्हणाले."

"आणि माका धाडल्यान."

"हो, रुझारभाऊ."

त्याने आपला उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. मूठ वळली. "माका वाटला, माझे हात गेले," तो म्हणाला. "वरसभर मी ह्या हातांका गाळी घालतंय."

फिलोमिन पुढे झाली. त्याने तिला थांबवलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, मानेच्या शिरा वर आल्या, आणि त्याने हातातली दोरी इतक्या जोराने ओढली की पडवीचा खांब करकरला. वरचं एक कौल सरकून अंगणात पडलं आणि फुटलं.

"बाय," तो म्हणाला. "आता माका राग येता."